गवळ्याची म्हैस, दारचा कुत्रा आणि मेळघाटचे रान

परतवाड्याहून चिखलदऱ्याची वाट घाटाला लागली की तासाभरात हवा पालटते. खाली मे महिन्यात पारा ४४ अंश सेल्सिअसवर असला, तरी वर सुमारे १,१०० मीटर उंचीवर तो पाच-सात अंशांनी खालीच असतो. घाट संपता संपता रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा येतो. मोटार थांबवून वाट पाहण्यावाचून इलाज नसतो, कारण म्हैस भोंग्याला भीत नाही. कळपामागे काठी घेतलेला गवळी असतो आणि त्याच्या मागेपुढे एक-दोन गावठी कुत्री असतात. कळपाच्या दोन्ही बाजूंना सागाचे रान असते आणि त्या रानात वाघ असतो.

विद्यार्थी मित्रांनो, माणसाने पाळलेल्या प्राण्यांवर निबंध लिहिताना आपण 'गाय दूध देते, कुत्रा राखण करतो' असे लिहून मोकळे होतो. हे खरेच आहे, पण एवढ्याने काही समजत नाही. दूध देणारा प्राणी काय घेतो, राखण करणारा कुत्रा ते काम नेमके कशाच्या बळावर करतो आणि या सोबतीची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर चिखलदऱ्यासारखी जागा नाही. पाळीव आणि रानटी प्राणी येथे एकाच पाणवठ्यावर येतात.

गवळ्यांचे नाव येथील दगडातही कोरले गेले आहे. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड हा किल्ला मूळ गवळ्यांच्या गढीच्या जागी उभा राहिला आणि त्यावरून त्याला हे नाव पडले, असे मानतात. पुढे १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहा याने तेथे पक्का किल्ला बांधला. राजवटी आल्या आणि गेल्या. म्हशी मात्र अजून त्याच उतारांवर चरतात.

म्हशीला डोह का लागतो?

चिखलदऱ्याच्या नावात 'चिखल' आहे म्हणून कोणी ते म्हशींशी जोडू नये. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत टाकले, तो 'कीचकदरा', अशी येथील आख्यायिका आहे. पण म्हशीचे आणि चिखलाचे नाते मात्र खरे आहे आणि त्यात उष्णतेचा एक सुंदर धडा दडला आहे.

म्हशीची कातडी काळी असते. काळा पृष्ठभाग सूर्याची उष्णता अधिक शोषतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत दोन डब्यांच्या प्रयोगात पाहिले असेल. शिवाय गाईच्या मानाने म्हशीच्या अंगावर घर्मग्रंथी बऱ्याच कमी असतात आणि केसही विरळ असतात. म्हणजे उष्णता आत येण्याची सोय भरपूर आणि बाहेर जाण्याची अपुरी! मग ती जे काम घामाने व्हायचे, ते बाहेरच्या पाण्याकडून करून घेते.

हिशेब करून पाहू. म्हशीचे वजन ४५० किलोग्रॅम धरा. तिच्या शरीराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे ०.८ धरा. तिचे तापमान एका अंशाने उतरवायला ४५० × ०.८ = ३६० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. अंगावरचे एक किलोग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. उकळत्या पाण्याला ती ५४० असते आणि कमी तापमानाला थोडी वाढते. तेव्हा जेमतेम ६२० ग्रॅम पाणी अंगावरून वाळले की म्हैस एका अंशाने थंड झाली. डोहातून बाहेर आलेल्या म्हशीच्या अंगावर याहून अधिक पाणी सहज असते. अर्थात वाळणाऱ्या पाण्याला लागणारी काही उष्णता हवेतूनही मिळते, म्हणून खरा आकडा थोडा वेगळा येईल, पण अंदाज चुकत नाही.

नुसत्या पाण्यापेक्षा चिखल बरा, कारण तो धरून राहतो. नुसते पाणी निथळून लगेच वाळते, तर चिखलाच्या थरातले पाणी हळूहळू, कितीतरी वेळ उडत राहते. गोचीड आणि माश्यांपासून बचाव होतो तो वेगळाच. खाली सपाटीवर उन्हाळ्यात नदीनाले आटले की म्हशीचे दूध का घटते, याचे एक कारण या हिशेबात आहे. चाऱ्याइतकाच डोहही तिच्या खुराकाचा भाग आहे. वऱ्हाडच्या उन्हापेक्षा चिखलदऱ्याचे पठार गवळ्याला का मानवले, हेही त्यातून कळते.

खव्याचा हिशेब

आता दुधाकडे वळू. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७ टक्के असतो, तर गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. घाटातल्या आडगावातून दूध खाली शहरात न्यायचे म्हणजे ते नासण्याची धास्ती. यावर गवळ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे खवा. पाच लिटर दूध आटवले की साधारण एक किलो खवा पडतो. ओझे पाचवा हिस्सा झाले आणि टिकाऊपणा वाढला. चिखलदऱ्याला येणारा प्रवासी खवा आणि रबडी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही.

पण आटवलेले चार किलो पाणी कोठे जाते? ते हवेत जाते आणि त्याला तिकडे पाठवण्याचे भाडे रान भरते. चिखलदऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते, परंतु त्यामुळे फारशी बचत होत नाही. पाच किलो दूध २५ अंशांपासून ९६ पर्यंत तापवायला सुमारे ३३० किलोकॅलरी आणि चार किलो पाण्याची वाफ करायला ४ × ५४० = २,१६० किलोकॅलरी. बेरीज जवळजवळ २,५०० झाली. एक किलो वाळक्या लाकडातून सुमारे ४,००० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पाऊण किलोदेखील लाकूड लागू नये. प्रत्यक्षात साध्या उघड्या चुलीवर दहातला एक भागच कढईला मिळतो, बाकी नऊ भाग धुरावाटे आणि बाजूंनी निघून जातात. तेव्हा एक किलो खव्यामागे सहा किलो लाकूड! चुलीची रचना सुधारून हाच वाटा दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेला, तर लाकूड निम्मे होईल. विज्ञानाच्या प्रदर्शनात दरवर्षी तोच तो ज्वालामुखी करणाऱ्या शाळांनी एकदा चांगली खव्याची भट्टी करून दाखवावी, असे मला फार वाटते.

हा हिशेब महत्त्वाचा अशासाठी, की हे रान साधे नव्हे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाखाली आलेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. सिपना, खापरा, खंडू, गाडगा आणि डोलार या नद्या येथल्या डोंगरांतून वाहतात. 'सिपना' हा शब्दच मुळी कोरकू भाषेतला असून त्याचा अर्थ साग. वाघाला कोरकू लोक 'कुला' म्हणतात. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात गुरे चरायला मनाई आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुंड, बोरी, कोहा ही गावे रानातून उठून बाहेर वसली. त्यांच्यानंतर आणखी गावे उठली. माणसाला नवे घर बांधून देता येते, पण शंभर म्हशींच्या कळपाला शेतीच्या मुलखात चराई कोठून आणायची? गुरे उठली त्या ठिकाणी गवत माजते, चितळ-सांबर वाढतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजूंना वजन आहे. एकीकडे पाहून दुसरीकडे डोळेझाक करणाऱ्या माणसाचे मत मी तरी फारसे धरीत नाही.

बैल जेथे अडले

म्हशीच्या तुलनेत बैलाचे काम मोजायला सोपे. जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राची ताकद सांगण्यासाठी 'अश्वशक्ती' हे एकक रूढ केले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. चांगला बैल दिवसभर आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतक्या जोराने ओढू शकतो. बैल ४०० किलोचा असेल, तर ओढ ४० किलो-वजनाची, म्हणजे सुमारे ४०० न्यूटन. चाल सेकंदाला एक मीटर धरली तर शक्ती ४०० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून थोडी अधिक. बंडीला जुंपलेली जोडी म्हणजे एक अश्वशक्तीचे यंत्र. ते कडबा खाऊन चालते आणि पोळ्याला पुरणपोळी मागते.

याच गाविलगडाच्या वेढ्यात बैलाच्या मर्यादेचे एक उदाहरण सापडते. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याच्या फौजेने किल्ल्याला वेढा दिला. सैन्याच्या रसदीसाठी बैलांची व्यवस्था नीट ठेवण्यावर या सेनापतीचा सगळा भर असे. पण किल्ल्याच्या उत्तरेकडे तोफा चढवायच्या तर डोंगर-दऱ्यांतून वाटच नव्हती. सैनिकांनी आधी वाट खोदली आणि मग अवजड तोफा माणसांच्या हातांनी ओढून नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. चढ वाढला की ओढीतला बराच भाग वजन वर उचलण्यातच खर्च होतो आणि अवघड वळणावर लांब जोत्यातील पुढच्या बैलांची ओढ तोफेच्या दिशेने लागतच नाही. सदिशांची बेरीज शिकलात की हे आकृती काढून पाहा.

बैल आणि माणूस यांच्या या भागीदारीचे महाराष्ट्रातले सर्वांत देखणे चित्र १९७४ साली दायमाबादला, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सापडले. खोदताना काशाच्या चार मूर्ती निघाल्या. त्यांचे एकूण वजन साठ किलोच्या वर आहे. एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस आणि चौथा म्हणजे बैलजोडी जुंपलेला रथ. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, तरी बहुतेक जण त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथात माणूस उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा आहे. दांडीवर कुत्र्याचे काही काम नसते. तो सोबतीला आहे.

कुत्रा कोठून आला?

मेळघाटात कोळसून असतो. त्याला रानकुत्रा किंवा ढोल असेही म्हणतात. तांबूस अंग, झुपकेदार काळसर शेपूट आणि टोळीने शिकार करण्याची रीत. नावात कुत्रा असल्यामुळे पुष्कळांचा समज होतो, की यालाच माणसाळवून आपला कुत्रा झाला. तसे नाही. कोळसून ही वेगळीच जात आहे. तो भुंकत नाही, शीळ घालतो. दाट रानात पांगलेल्या टोळीला एकमेकांचा ठाव त्या शिळेवरून लागतो. आपल्या कुत्र्याला ४२ दात असतात, तर कोळसुनाला ४०, कारण त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दाढ एक कमी. इंग्रजी अमदानीत त्याला 'उपद्रवी' ठरवून मारणाऱ्याला बक्षीस दिले जाई. आज त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

आपल्या कुत्र्याचा पूर्वज आहे लांडगा. माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी, निदान चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी, लांडग्यांची एक शाखा माणसाच्या वस्तीला चिकटली. म्हणजे गाय, म्हैस, शेळी या सर्वांच्या आधी कुत्रा माणसाच्या घरी आला. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तीत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा पुरलेला होता. त्या कुत्र्याच्या दातांवरील खुणांवरून शास्त्रज्ञांनी अनुमान काढले आहे, की लहानपणी त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग झाला होता आणि काही आठवडे कोणीतरी त्याची शुश्रूषा केल्यामुळेच तो वाचला. ज्या पिल्लाचा शिकारीला काहीही उपयोग नव्हता, त्याला भरवणारी माणसे तेव्हाही होती. हा डिस्टेंपर शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

गावठी कुत्रा राखण करतो ती कान आणि नाक यांच्या जोरावर. आपल्याला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ च्या सुमारास एक शिट्टी तयार केली होती. ती फुंकली की माणसाला काही ऐकू येत नसे आणि कुत्रे मात्र वळून पाहत असे. उंदराची चिरचिर, वाळक्या पानावरचे हलके पाऊल, अशा आवाजांत हा उच्च कंप्रतेचा भाग मोठा असतो. गवळ्याला काही ऐकू येण्याच्या आधी त्याच्या कुत्र्याचे कान उभे राहतात ते त्यामुळे.

नाकाची गोष्ट याहून नवलाची. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात. पण संख्येइतकीच हवेच्या प्रवाहाची करामत आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा श्वास आतबाहेर करतो. उच्छ्वास समोरून सोडला तर पुढचा वास उधळून जाईल. म्हणून तो नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे आणि खाली सोडला जातो. त्या झोताने जमिनीवरची धूळ आणि वासाचे कण हलतात आणि समोरून ताजी हवा नाकात ओढली जाते. मुंबईत १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या कुत्र्याने ३,३२९ किलो आर.डी.एक्स. हुडकून काढले, ते याच नाकाने. अशा कामाला अजून यंत्र पुरेसे पडत नाही.

आता उन्हात बसलेला कुत्रा पाहा. त्याला पायांच्या तळव्यांखेरीज घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातले पाणी वाफेने उडवून अंग थंड करतो. ती म्हशीचीच युक्ती, फक्त डोह तोंडातला. गंमत अशी, की कुत्र्याचा श्वास हळूहळू वाढत नाही. मिनिटाला वीस-तीसवरून तो एकदम तीनशेच्या आसपास जातो, मधला वेग जवळजवळ नाहीच. का बरे? दुसऱ्या कोणाला हे शरीरशास्त्र वाटेल, मला यात झोका दिसतो. झोक्याला त्याच्या स्वाभाविक कंप्रतेला जुळेल असा धक्का दिला, तर थोड्या श्रमात तो उंच जातो. याला आपण अनुनाद म्हणतो. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसे यांचीही एक स्वाभाविक कंप्रता आहे, सेकंदाला सुमारे पाच. १९६२ साली क्रॉफर्ड या संशोधकाने मोजमाप करून दाखवले, की कुत्रा नेमका त्याच कंप्रतेने धापा टाकतो. वेगळ्या वेगाने टाकल्या असत्या, तर स्नायूंच्या श्रमाने थंडाव्यापेक्षा उष्णताच अधिक झाली असती! घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याच्या धापा घड्याळ लावून दहा सेकंद मोजा आणि सहाने गुणा. अनोळखी कुत्र्यावर हा प्रयोग करू नका. त्याचे कारण पुढे आहे.

मेळघाटातल्या आणखी एका कामकरी प्राण्याचा नुसता उल्लेख करतो. कोलकासला वनखात्याच्या हत्तींवर बसून पर्यटकांनी वर्षानुवर्षे फेरी केली आहे. हत्तीच्या आवाजातला काही भाग आपल्याला ऐकूच येत नाही इतक्या कमी कंप्रतेचा असतो. कुत्रा आपल्या वरच्या पट्टीत ऐकतो, तर हत्ती आपल्या खालच्या पट्टीत बोलतो. हत्तीवर एक स्वतंत्र लेख हवा.

चाव्याचे गणित

आता किमतीकडे. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने, म्हणजे पिसाळ रोगाने, मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतील ९९ टक्के प्रसंगांत रोग कुत्र्याकडून येतो. मरणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी असते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून वाचणे जवळजवळ अशक्य. पण लक्षणे दिसण्यापूर्वी तो जवळजवळ शंभर टक्के टाळता येतो. एकाच रोगाच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये खरी असावीत, हे विलक्षण आहे.

कारण विषाणूचा प्रवास. चावलेल्या जागेतून तो रक्ताने नव्हे, तर मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. वेग दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. पायाच्या घोट्यापासून मेंदूपर्यंतचे अंतर मोजा आणि वेगाने भागा. बहुधा आठवडे किंवा महिने मिळतात. तोंडावर किंवा मानेवर चावा असेल तर अंतर कमी, म्हणून धोका जास्त. लस दिली की या अवधीत शरीर प्रतिद्रव्ये तयार करते आणि शर्यत जिंकते. लुई पाश्चर याने ६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, ती या शर्यतीच्या भरवशावर. आपल्याकडे पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. मेंदूच्या ऊतीपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शने पुरतात. तरी चौदा इंजेक्शनांची भीती अजून खेड्यांत घर करून आहे आणि तिच्यापायी माणसे दवाखाना टाळतात.

चावा बसला तर पहिले काम म्हणजे साबण आणि वाहते पाणी. जखम सतत पंधरा मिनिटे धुवायची. साबणच का? रेबीजच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. ताटावरचे तूप साबणाने सुटते, तसे हे आवरण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याने विषाणू मरत नाही, उलट जखम चिडते. भगताकडे किंवा झाडपाल्यावाल्याकडे गेलेला दिवस विषाणूच्या खात्यात जमा होतो. धुवून झाले की सरकारी दवाखाना गाठावा. लस तेथे मोफत मिळते. पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा आणि पुढे डॉक्टर सांगतील ते, असे सगळे दिवस पाळावे लागतात. जखम खोल असेल तर तयार प्रतिद्रव्येही जखमेत टोचतात. कुत्रे घरचे होते, पिल्लू होते, नुसते ओरखडले, हे बहाणे या रोगाला समजत नाहीत.

कुत्र्यांनाच लस टोचली तर? एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दीड कुत्र्यांना रोग देतो असे धरू. दहा रोगी कुत्र्यांचे पंधरा, पंधराचे बावीस, अशी साथ वाढते. तीनपैकी एका कुत्र्याला लस मिळाली असेल, तर दीडाचा एक होतो आणि साथ वाढत नाही. त्याहून अधिक कुत्र्यांना मिळाली, तर ती विझते. मग तज्ज्ञ ७० टक्के कुत्र्यांना लस द्या असे का म्हणतात? कारण वर्षभरात लस टोचलेली काही कुत्री मरतात, बिनलशीची पिल्ले जन्मतात आणि टक्का घसरत जातो. तो वर्षाअखेरीसही पुरेसा उरावा, म्हणून सुरुवात वरून करायची.

चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी या लशीचा लाभ माणसापुरता थांबत नाही. डिस्टेंपरचा विषाणू माणसाला होत नाही, पण कुत्र्याकडून तो रानातल्या मांसभक्षकांकडे जातो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह, म्हणजे हजाराच्या आसपास, मेले. २०१८ मध्ये गुजरातेतील गीरच्या रानात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतील काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला. मेळघाटात वाघ, बिबळ्या आणि कोळसून तिन्ही आहेत. वाघाने मारलेल्या गुराच्या सांगाड्यावर रात्री गावचा कुत्रा जातो आणि पुढे तेथेच बिबळ्या येतो. चौदा हजार वर्षांपूर्वी एका पिल्लाला ज्या रोगाने गाठले, तो रोग वाघापर्यंत पोचायला एवढी वाट पुरेशी आहे. म्हणून रानालगतच्या गावांतील कुत्र्यांना रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस द्यावी असा वन्यजीवांचे वैद्य आग्रह धरतात.

गुराच्या सांगाड्यावरून गिधाडाकडे यावेच लागते. मेलेले गुरे गावाबाहेर टाकायचे आणि गिधाडांनी ते तासा-दोन तासांत साफ करायचे, ही वऱ्हाडातली जुनी रीत. हे काम कोणी गिधाडाला नेमून दिले नव्हते, त्याला पगारही नव्हता. १९९० नंतर गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसारख्या जाती शंभरातली एक-दोन उरावी इतक्या घटल्या. कारण २००४ मध्ये उघड झाले. गुरांच्या सांधेदुखीवर आणि तापावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. गुरांसाठी या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.

गिधाडे गेली तरी मेलेली गुरे होतीच. त्यांवर कुत्री पोसली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९९२ ते २००६ या काळाचा हिशेब मांडला आहे. गिधाडे घटल्यामुळे देशातील कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली असावी आणि त्यामुळे रेबीजचे ४७,००० हून अधिक जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यातील अंदाज आहे. म्हशीचा ताप उतरवणारी सुई, गिधाड, कुत्रा आणि माणूस, अशी ही साखळी. तिच्यात कोणीही वाईट हेतूने काही केले नव्हते.

हरयाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथून २०२४ मध्ये काही पक्षी विदर्भातील पेंच आणि ताडोबा या व्याघ्र प्रकल्पांत आणले गेले. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू मोठे होऊन स्वतः अंडे घालायला चार-पाच वर्षे जातात. कुत्री वर्षाच्या आत वयात येते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले देते. एका पाटीवर गिधाडांची एक जोडी आणि कुत्र्यांची एक जोडी मांडा, सगळी पिल्ले जगतात असे धरा आणि दोन्ही रांगा दहा वर्षांपर्यंत लिहीत जा. कुत्र्यांच्या रांगेला पाटी फार लवकर अपुरी पडेल.